बटाट्याची मलई

होळी झाली की बहुतेक घरांतलं पुरणयंत्र धुऊन-पुसून माळ्यावर जातं आणि गौरी येईपर्यंत तिथेच राहतं. माझं ओट्याखालच्या पहिल्याच कप्प्यात असतं. पुरणासाठी ते जितकं लागतं त्याहून कितीतरी जास्त बटाट्यासाठी लागतं. पुण्यात घरूनच ऑर्डरप्रमाणे जेवण करून द्यायचं माझं काम. अलीकडे व्हीगन जेवणाची मागणी वाढली आहे आणि त्यात मॅश्ड पोटॅटो हटकून सांगितला जातो. कुणाच्या लेकराला दूध सोसत नाही, कुणाचा जावई परदेशातला, कुणी जनावरांच्या कळवळ्यानं दूधदुभतं सोडलेलं. फोनवर शंका मात्र सगळ्यांची एकच: ‘‘लोणी नाही, दूध नाही, साय नाही; मग मलईसारखं लागणार कसं?’’

मलई बटाट्यातच असते. ती बिघडू न देता बाहेर काढायची, एवढंच आपलं काम. बटाट्यात असंख्य बारीक पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत स्टार्चचे दाणे ठासून भरलेले असतात. उकडताना पाणी साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हे दाणे पाणी पिऊन फुगतात. आणखी तापल्यावर पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. असा नीट शिजलेला बटाटा हलक्या हातानं दाबला, की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि अख्ख्या राहतात. त्या टम्म फुगलेल्या अख्ख्या पेशी जिभेवरून घरंगळतात, तोच आपल्याला जाणवणारा मऊपणा. जोर लावला, मिक्सर फिरवला, तर पेशी फुटतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि भांड्यात पतंगाला लावायच्या खळीसारखा ताणणारा, चिकट गोळा तयार होतो. मग त्यात किलोभर लोणी घाला, तो सुधारत नाही. म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते, की या पदार्थात मिक्सर फक्त दुधाऐवजी घालायच्या काजूसाठी काढायचा.

मॅश म्हणजे दूध-लोणी, हा समज उगाच नाही. १७४७ साली लंडनमध्ये हॅना ग्लास यांचं पाककृतींचं पुस्तक आलं, त्यातल्या कुस्करलेल्या बटाट्यातही दूध आणि लोणी आहे. पॅरिसच्या जोएल रोबुशों यांनी १९८१ साली आपलं ‘जामँ’ हे रेस्टॉरंट काढलं, ते तर बटाट्याच्या प्युरेसाठीच नावाजलं गेलं. त्यांच्या छापील कृतीत किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी आहे. सगळ्यांना तो पाव किलोचा आकडाच लक्षात राहतो. मला मात्र त्यांच्या कृतीतलं लोण्याच्या आधीचं काम मोलाचं वाटतं. बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, हातानं फिरवायच्या चाळणीयंत्रातून काढायचे आणि आचेवर परतून त्यातलं पाणी उडवायचं. हे सगळं झाल्यावर लोणी येतं. त्या जागी तेल आलं तरी आधीची मेहनत वाया जात नाही.

शिवाय दुधाशिवायचा कुस्करलेला बटाटा जगात पूर्वीपासून आहे. बिहारचा आलू चोखा मोहरीच्या कच्च्या तेलावर उभा आहे, बंगालचा आलू भाते तसाच. ग्रीसमध्ये स्कोर्डालिया करतात, त्यात बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. कधी बदाम किंवा अक्रोडही वाटून घालतात. २५ मार्चला तिथे घरोघरी तळलेल्या खारवलेल्या कॉड माशाबरोबर तो खातात. आपलं बटाट्याचं भरीत दह्यातलं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही. सांगायचा मुद्दा असा, की व्हीगन मॅश ही कशाची तरी नक्कल आहे, असं मनात धरून करायला बसू नये. नक्कल म्हणून केलेला पदार्थ बिचकत केला जातो, आणि ते चवीत उतरतं.

खरं यश बाजारातच ठरतं. मंडईतले माझे बटाटेवाले दादा मी पिशवी पुढे केली की विचारतात, ‘‘ताई, वड्याला हवाय की रश्श्याला?’’ याहून नेमका प्रश्न मला कुठल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सापडलेला नाही. रश्श्याचा बटाटा ओलसर, घट्ट, फोड न मोडणारा. वड्याचा बटाटा पिठूळ, उकडल्यावर कडेनं भुरभुरणारा. मॅशला वड्याचाच घ्यायचा. नवा, पातळ सालीचा, नखानं साल निघणारा बटाटा दिसायला कितीही देखणा असो, त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. तो चिकट होतो. जुना, जाड सालीचा, हातात जड लागणारा बटाटा बरा. जातींत कुफरी ज्योती मला भरवशाची वाटते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं ती १९६८ साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित केली. पिवळसर कुफरी पुखराज लवकर येतो, भरपूर येतो, पण मॅशला ओला पडतो. चिप्ससाठी काढलेली चिप्सोना मिळाली तर सोन्याहून पिवळं. बाजारात जातीचं नाव क्वचित कुणी सांगतं. तिथे ‘तळेगाव’, ‘आग्रा’, ‘इंदूर’ असंच बोललं जातं. अशा वेळी घरी एक परीक्षा करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा त्यात सोडा. पिठूळ बटाटा बुडतो, ओलसर बटाटा तरंगतो.

आणखी एक. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि मॅश गुळचट लागतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्याचंही तेच होतं. तो आणल्यावर दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात ठेवला, तर गोडी बरीच उतरते. म्हणून मोठी ऑर्डर असेल तर मी बटाटे आधीच आणून ठेवते.

आता शिजवणं. रोजच्यासाठी कुकर चालतो, पण बटाट्याच्या भांड्यात पाणी घालायचं नाही. सालासकट अख्खे बटाटे, पाणी फक्त कुकरच्या तळाशी. बटाटे पाण्यात बुडवून शिट्ट्या केल्या की साली फुटतात, आत पाणी शिरतं, आणि ते पाणी पुढे काढत बसावं लागतं. वेळ असेल तेव्हा मी बटाटे सोलून, सारख्या जाडीचे तुकडे करून, पाणी निवळ येईपर्यंत धुते आणि थंड पाण्यात टाकून मग गॅस लावते. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मीठ. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून गळतात आणि आत कणी राहते.

खूप माणसांचं करायचं असेल तेव्हा एक पायरी वाढवते. तुकडे आधी सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे. त्या पाण्याला बुडबुडे येत नाहीत, पण बोट घालता येत नाही. मग ते गार पाण्यात पूर्ण निववायचे आणि त्यानंतर नेहमीसारखे उकडायचे. सत्तर अंशांवर स्टार्च फुगतो, गार झाला की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि नंतर सहजी सुटून चिकटपणा करत नाही. पाकिटातला झटपट मॅश करणारे कारखाने हेच करतात. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत बटाट्याचे फ्लेक्स तयार झाले, त्यातही आधी शिजवून निववण्याची ही युक्ती होती. माझ्याकडे थर्मामीटर आहे. तो नसला तर या पायरीच्या वाटेला जाऊ नका, साध्या रीतीनंही छान होतं.

यानंतरची पाच मिनिटं मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहेत. बटाटे निथळून त्याच रिकाम्या, गरम पातेल्यात परत घालायचे आणि मंद आचेवर अधूनमधून हलवत राहायचं. आधी भसाभस वाफ येते. मग तुकड्यांच्या कडा चकाकी सोडून खडूसारख्या पांढऱ्या, रवाळ होतात. पातेलं हलवल्यावरचा ओला आवाज थांबतो आणि कोरडी खसखस ऐकू येते. शेवटी पातेल्याच्या बुडाला पातळ, पांढरा पापुद्रा धरतो. तो दिसला की थांबायचं. जितकं पाणी इथे उडालं, तितकी जागा तेलाला आणि काजूच्या दुधाला मिळाली. ही पायरी गाळून केलेला मॅश कितीही भारी तेल घातलं तरी पाणचट लागतो. मी चव घेऊन ते ओळखू शकते.

पुरण गरम असतानाच वाटायचं, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. बटाट्याला तोच नियम. गार बटाटा जाळीतून ढकलायला जोर लागतो आणि जोर लावला की पेशी फुटतात. पुरणयंत्राच्या भोकांतून गरम बटाटा एकदाच, न घोटता, खाली पडला पाहिजे. फ्रान्समध्ये जाँ माँतले यांनी १९३२ साली असंच हातानं फिरवायचं यंत्र काढलं. बायकोच्या मॅशमध्ये गुठळ्या राहत म्हणून ते सुचलं, असं सांगतात. त्यांचीच कंपनी पुढे मुलिनेक्स झाली. पुरणयंत्र नसेल तर सोऱ्याला बारीक शेवेची चकती लावा. तो बटाटा सरळ दाबून काढतो, रगडत नाही, त्यामुळे काही वेळा मला तोच जास्त आवडतो.

आता किलोभर बटाट्याचं माप. काजू ऐंशी ग्रॅम, दोन तास गरम पाण्यात भिजवून, एक वाटी ताज्या पाण्याबरोबर अगदी गंधासारखे वाटायचे. तुकडा काजू चालतो, स्वस्त पडतो. काजूत जवळजवळ निम्मी चरबी असते आणि चांगला स्टार्चही असतो, म्हणून त्याचं दूध तापवलं की आपोआप दाटतं. ते सतत ढवळत गरम करायचं, दाट झालं तर बटाटे उकडलेलं पाणी घालून सैल करायचं. साठ मिलिलिटर तेल. त्यात सात-आठ लसूण पाकळ्या अगदी मंद आचेवर, रंग न बदलता, लोण्यासारख्या मऊ होईपर्यंत ठेवायच्या आणि त्याच तेलात कुस्करायच्या. लोण्याचा सुगंध नसल्याची भरपाई हा लसूण करतो. तेलात निम्मं ऑलिव्ह आणि निम्मं वास नसलेलं रिफाइंड खोबरेल घेते. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं, त्यामुळे तोंडात लोण्यासारखा भरीवपणा येतो. घाण्याचं शेंगदाणा तेल मला भाजीत फार आवडतं, पण इथे ते बटाट्याला बोलू देत नाही. नारळाच्या दुधाचंही तसंच. कोकणातल्या माझ्या मैत्रिणींना हे पटत नाही, पण नारळाचं दूध घातलं की तो वेगळाच पदार्थ होतो.

आधी तेल, मग दूध. हा क्रम सोडू नका. आधी आलेलं तेल स्टार्चला वेढून घेतं, मग पाणी त्याला पटकन चिकट करू शकत नाही. लाकडी डावानं खालून वर उचलत मिसळायचं, गोल गोल फेटायचं नाही. डाव उचलल्यावर मॅश क्षणभर थांबून सावकाश खाली सरकला पाहिजे. पुरणात डाव उभा राहावा लागतो, इथे तो हळूच कलावा. मीठ, पांढरी मिरपूड आणि किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. जर्मन घरांतही कुस्करलेल्या बटाट्यात जायफळ लागतंच, आपल्याला तर ते पुरणामुळे ओळखीचं. लिंबू पिळायचं असेल तर अगदी शेवटी. आंबटानं पेक्टिन घट्ट राहतं, म्हणून चिंच-कोकम आधी पडलं की आपल्या भाजीतलाही बटाटा शिजता शिजत नाही.

बाजारचं सोया दूध घ्यायचं तर बिनसाखरेचं आणि बिनवासाचं बघून घ्या. व्हॅनिलाचा वास मॅशची पार वाट लावतो. ओट्सचं दूध मुळातच गोडसर असतं, ते मी कॉफीला ठेवते. डब्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध येतं. व्हीगनसाठी वेगळं हिरवं ‘व्ही’ चिन्ह २०२२ च्या नियमांनी आलं, ते शोधा. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कित्येक पावडरींत केसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन असतं आणि काही मार्जरिनमध्ये दुधाची भुकटी. ज्या लेकराला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ही बारीक अक्षरं वाचणं हा स्वयंपाकाचाच भाग आहे. त्याला काजू चालतात का, हेही त्याच्या आईला आधी विचारा. चालत नसतील तर काजूऐवजी सोया दूध घ्या आणि तेल दोन चमचे वाढवा.

वाढेपर्यंत मॅश गरम पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवला तर तासभर चांगला राहतो. उरलाच, तर दुसऱ्या दिवशी तो मॅश म्हणून कुणाच्या पानात वाढू नका. फ्रिजमध्ये स्टार्च घट्ट होतो आणि तापवून घोटायला गेलं की कालची सगळी मेहनत चिकट होते. हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर घाला, रव्यात घोळवा आणि तव्यावर खरपूस पॅटिस करा.