न सुचविलेले शब्द

शोधयंत्राच्या चौकटींत एखादें नांव लिहूं लागावें, आणि दोनचार अक्षरें होतात न होतात तोंच पुढचे शब्द त्या यंत्रानेंच पुढें करावे, हा अनुभव आतां घरोघरचा आहे. गूगलनें ही सोय २००४ मध्यें प्रथम प्रयोगादाखल सुरू केली. पूर्वीं लोकांनीं काय विचारलें यावरून आपण काय विचारणार याचा अंदाज बांधावयाचा, ही त्यांतील मुख्य मेख. परंतु लोक जें विचारतात तें सारेंच चारचौघांत सुचविण्याजोगें असतें असें नाहीं. डिसेंबर २०१० मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, चोरट्या प्रतींशीं निकट संबंध असलेले शब्द यापुढें सुचविले जाणार नाहींत. आणि पुढच्याच महिन्यांत 'टॉरेंट', 'बिटटॉरेंट', 'रॅपिडशेअर' हे शब्द त्या सूचनांतून नाहींसे झाले. शब्द पुरता लिहिला तर उत्तरें मात्र पूर्वींप्रमाणेंच मिळत. दाराला कुलूप घातलें नव्हतें. दार दाखविणें तेवढें बंद झालें होतें.

आमचें बिऱ्हाड सांगवीस, मुळा आणि पवना यांच्या बेचक्यांत. पुस्तक हवें झालें कीं आम्ही अजून मुळेचा पूल ओलांडून पुण्यास अप्पा बळवंत चौकांत जातों. चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यास ही पायपीट हास्यास्पद वाटते. गेल्या पावसाळ्यांत त्यानें एका हयात लेखिकेची नवी कादंबरी फोनवर आणून आमच्या मंडळींच्या हातीं दिली. "काकू, एक पैसा पडला नाहीं," तो म्हणाला. "मग त्या बाईंना काय मिळालें रे?" एवढेंच मंडळींनीं विचारलें. त्यानें बरीच उत्तरें दिलीं. या प्रश्नाचें मात्र दिलें नाहीं. मराठी पुस्तकाची आवृत्ति बहुधा हजार प्रतींच्या आसपासची. त्यांतल्या शेंदोनशें प्रतींचे ग्राहक असे परस्पर गेले, तर पुढची कादंबरी छापावयास प्रकाशक धजेल काय?

तेव्हां यंत्रानें चोरीची वाट दाखवूं नये याविषयीं आमचें दुमत नाहीं. अडचण आहे ती शब्दावरून चोर ओळखण्याची. बिटटॉरेंट ही रीत ब्रॅम कोहेन यांनीं २००१ मध्यें काढली. एकच मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनीं अनेकांकडून घ्यावयाची आणि आपल्याजवळचे तुकडे इतरांस द्यावयाचे, असा तो व्यवहार. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली याच वाटेनें उजळ माथ्यानें वांटल्या जातात.

आणखी एक योगायोग पाहण्याजोगा आहे. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क राहतो, व ही मुदत पुढील वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं वारले. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी, कोणीही वांटावी. ज्या महिन्यांत तें पुस्तक सर्वांचें झालें, त्याच महिन्यांत वांटण्याच्या एका साधनाचें नांव संशयितांच्या यादींत गेलें! आमच्या पूर्वजांनीं तर पोथी उतरून घेणें हें पुण्यच मानलें होतें, असो.

उलट २९ एप्रिल २०१६ रोजीं 'सैराट' प्रदर्शित झाला, तेव्हां तो चित्रपटगृहांत चालू असतांनाच त्याच्या चोरट्या प्रती फोनाफोनांतून फिरल्या. त्या हातोहात गेल्या. त्यांना कोणत्याही यंत्राच्या सूचनेची गरज पडली नाहीं. २०२३ मध्यें चित्रपटविषयक कायदा सुधारून अशा कृत्यास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. शिक्षा कडक खरी. पण तेथें आरोप सांगावा लागतो, बचाव ऐकावा लागतो. यंत्राच्या मौनास सुनावणी नाहीं. वगळलेल्या शब्दांची यादी गूगलनें लोकांपुढें मांडली नाहीं, आणि ज्यांचीं नांवें गेलीं त्या कंपन्यांनीं हरकतही घेतली. उद्यां यादींत दुसरा एखादा शब्द गेला, तर तो गेला हें तरी आपणांस कोठून कळणार? न सुचलेल्या शब्दाची आठवण कोणास होते?

पुतण्यानें पुढें 'श्यामची आई' आपल्या फोनवर घेतली. तिला मंडळींनीं हरकत घेतली नाहीं. कादंबरी मात्र त्यांनीं त्याच्यासमक्ष पुसून टाकविली, आणि तिची छापील प्रत चौकांतून आणविली, त्याच्याच पगारांतून.