प्रकल्प पोराचा, अक्षर आईचं

सहावीच्या प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या की नाव न वाचताही वही कुणाच्या आईनं लिहिली ते मला ओळखू येतं. ज्यांना लिहायला सवड नसते, त्यांच्या फाइली मेहकरहून छापून येतात. जानेफळसारख्या गावात असं होत असेल, हे शहरातल्यांना खरं वाटत नाही. उलट इथं ते जास्तच होतं. ज्यांची स्वतःची शाळा शेतीपायी सुटली, त्यांचा जीव पोराच्या वहीत अडकलेला असतो.

पावसाळ्यात विषय दिला होता, ‘आपल्या परिसरातील पिके’. एकाची फाइल आली रंगीत, छापील. सोयाबीनचं शास्त्रीय नावसुद्धा अचूक. मी विचारलं, “सोयाबीनच्या मुळाला काय असतं रे?” त्यानं मान खाली घातली. सुट्टीच्या दिवशी घरच्या डवऱ्यामागे चालणारं हे पोरगं! वडील भेटले तेव्हा म्हणाले, “मॅडम, त्याले नाही जमत. मार्क कटतात म्हणून मीच करून आणलं.”

त्यांची भीती खोटी नव्हती. 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सहावीला 100 पैकी 50 गुण आकारिकचे, आणि प्रकल्प त्यातच मोडतो. लेखी पेपरात अडखळणाऱ्या मुलाला स्वतःच्या हातानं काही करून दाखवता यावं, म्हणून ही सोय. तीच घरच्या मोठ्यांनी उचलली तर मुलाला उरतं काय? आणि देखण्या फाइलीला जास्त गुण देणारे शिक्षक आहेत, तोवर एकट्या पालकांना तरी कसा दोष द्यायचा?

मी फाइल परत केली आणि शेतातून एक झाड मुळासकट आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते चिखलासकट वर्गात आलं. बादलीत मुळं धुतली, तशा बारीक गाठी दिसू लागल्या. त्यानं नखानं एक फोडली. आत गुलाबी. “मॅडम, रक्त!” तो ओरडला, आणि फारसा चुकला नव्हता. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. तो गुलाबी रंग ज्या प्रथिनाचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतलं. हे ऐकून त्यानं विचारलं, “मग आमच्या बांधाकडची झाडं पिवळी पडली, त्याईले गाठी नसतील काय?”

छापील फाइलीतून हा प्रश्न कधीच आला नसता. तो बांधाकडची झाडं उपटून पाहून आला आणि वहीत लिहिलं: पिवळ्या झाडाला गाठी कमी, तिथं पाणी साचतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, पानावर मातीचा डागही होता. मी त्याला पूर्ण गुण दिले.

दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राचे प्रकल्प सुरू होतील. पालकांनो, पोराला वावरात न्या, तो विचारेल ते सांगा, माहीत नसेल तर त्याच्यासोबत शोधा. पण वही त्याची त्यालाच लिहू द्या. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, गुण मी कापणार नाही.