नदीचा टप्पा

प्रत्येकाला कसले ना कसले वेड असतेच. आमच्या दादांना बागेचे होते. आणि तीही सपाट जमिनीवर नको! अहेरीला प्राणहितेच्या काठी आमचे घर. वर्धा आणि वैनगंगा मिळून ही नदी होते. घरामागची दरड थेट तिच्या वाळूत उतरते. एकदा कॅलेंडरावर दादांनी श्रीनगरची निशात बाग पाहिली. आसफखानाने 1633 साली दल सरोवराकाठी केलेली, बारा टप्प्यांची. झाले! दरडीवर सागाचे ओंडके आडवे रोवून, मागे माती भरून, दादांनीही बारा टप्पे उभे केले. वर मोगरा, मध्ये वांगी, एका टप्प्यावर नुसते फुटके माठ आणि अगदी तळाशी कारल्याचा मांडव.

आई म्हणायची, "अहो, कारली आणायची म्हणजे तीर्थयात्राच की!"

1986 च्या ऑगस्टातल्या पुरात खालचे चार टप्पे गेले. दादांनी तीनच पुन्हा बांधले. बारावा का नाही, असे विचारले तर म्हणाले, "तो नदीचा. तिचे तिला द्यावे."

2022 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा दादा नव्हते. पाणी ओसरल्यावर मुलाने मोजले, नऊ उरले होते. आम्ही बापलेकांनी दोन बांधले आणि थांबलो.

त्या दिवाळीत तीर्थयात्रेला कंटाळणारी आई माझा हात धरून खाली उतरली आणि नदीच्या टप्प्यावर तिने पहिली पणती ठेवली.