नलारबॉरच्या वाटेवर अन्न गार ठेवताना

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं नॉर्समन सोडलं की एअर हायवे पूर्वेकडे सेडूनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर धावतो. वाटेत लागतात ती मुख्यतः पेट्रोल, जेवण आणि बर्फ विकणारी रोडहाउसं. बॅलडोनिया ओलांडल्यावर तर जवळजवळ १४६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. कॅम्परमधून हा पल्ला पार करताना माझं मत पक्कं होत गेलं, की प्रवासात अन्न टिकतं ते फ्रिजपेक्षा निघण्यापूर्वीच्या आखणीमुळे. फ्रिज आतली उष्णता फक्त बाहेर टाकतो. ती मुळात आत कमी शिरली, तर त्याचं निम्मं काम वाचतं.

हे शहाणपण या मुलखात जुनंच आहे. नॉर्समनच्या उत्तरेला कूलगार्डी आहे. १८९०च्या दशकात तिथे सोन्यासाठी आलेल्या लोकांनी गोणपाटाची कपाटं केली. वर पाण्याचं तबक ठेवायचं, त्यातून कापडाच्या पट्ट्यांनी पाणी गोणपाटात झिरपत राहायचं आणि कोरड्या वाऱ्याने आतलं लोणी, मांस जरा जास्त टिकायचं. विदर्भातल्या उन्हाळ्यात माठ पाणी गार करतो, तेच हे तत्त्व. पण अशा कपाटात ५ अंश सेल्सिअस गाठता येत नाही, आणि मांस, दूध सुरक्षित राहायला तेवढा गारवा लागतोच. त्यामुळे जुन्या उपायांवर विसंबून मांस न्यावं, असं मी म्हणणार नाही.

मग १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आणि टपावर सोलर पॅनल असताना एवढा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. गाडी धावत असते तोवर हे बरोबर आहे. रात्री मुक्कामाला मात्र सगळा भार बॅटरीवर येतो, आणि कोमट बाटल्या आत कोंबल्या की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. बर्फाची ताकद वेगळी आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल. वितळलेल्या पाण्यात कच्चं मांस भिजू नये म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, एवढंच.

बरोबर जास्त घेतलं तर निश्चिंती, असंही वाटतं. पण सेडूनाच्या तपासणी नाक्यावर फळमाशीच्या भीतीने ताजी फळं-भाज्या काढून घेतात, शिजवलेलं चालतं. म्हणून घरीच मटकीची उसळ शिजवावी, चपट्या डब्यांत गोठवावी आणि खायच्या क्रमाने रचावी, शेवटच्या दिवसाची तळाशी. प्रत्येक डबा पोटात जाईपर्यंत बर्फाचं काम करतो आणि नाक्यावर अडतही नाही. या रस्त्यावर पुढचा थांबा किती दूर आहे हे आधीच ठाऊक असतं. जेवणाचा हिशेबही तसाच आधी मांडला, तर लहानसा फ्रिजही पुरतो.