गाऱ्हाणे आणि कौल

कौल या शब्दाविषयी आम्हांस बालपणापासून कुतूहल वाटत आले आहे. कोकणात व गोमंतकात पुष्कळ देवळांतून देवाला कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीवर ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतात, भक्ताच्या वतीने गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी उजवी पडते की डावी, याची वाट पाहत सारे हात जोडून उभे राहतात. हाच शब्द पुढे निवडणुकीत आला आणि वर्तमानपत्रे मतदारांचा कौल म्हणू लागली. देवाचा शब्द माणसाने असा उसना घेतला खरा, परंतु घेताना त्यातला एक नियम देवळातच राहून गेला. गाऱ्हाणे पुरे झाल्यावाचून कौल होत नाही, हा तो नियम. देव सर्वसाक्षी, सांगितल्यावाचूनही त्याला सारे कळत असणार. तरीदेखील तो आधी ऐकून घेतो. माणसाला तर सांगितल्यावाचून काहीच कळत नाही, आणि कौल देण्याची घाई मात्र त्यालाच फार.

हे विचार मनात येण्यास कारण झाले ते अमेरिकेतील चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकांचे. १९२९ साली त्यांचा पहिला समारंभ झाला, तो पंधरा मिनिटांत आटोपला होता. आज या पारितोषिकांच्या मतदारांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. नटांची नावे आधी नटच सुचवतात, दिग्दर्शकांची दिग्दर्शक. अखेरचे मत मात्र सर्व सभासदांनी द्यावयाचे. हिवाळा आला की या मंडळींपुढे चित्रपटांची रास पडते. आमच्याकडील कलावंतांनाही आता हे निमंत्रण येते. १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटातील सीता ज्यांच्या रूपाने घरोघर पोहोचली, त्या शोभना समर्थ यांची नात काजोल यांना ते २०२२ मध्ये आले.

आता वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट सांगतो. ज्या चित्रपटांमधून निवड करावयाची, ते सर्व पाहिलेच पाहिजेत, असे बंधन अखेरच्या फेरीत सर्व विभागांना नव्हते. ते एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. ज्या विभागात मत द्यावयाचे, त्यातील प्रत्येक नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेला असला पाहिजे. संस्थेच्या पडद्याबाहेर, महोत्सवात वा चित्रपटगृहात, तो पाहिला असल्यास केव्हा व कोठे ते लिहून द्यावयाचे. म्हणजे पहिल्या समारंभानंतर शहाण्णव वर्षांनी हे लिहून काढावे लागले!

आमच्या वकिली धंद्यात हा नियम जुना आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातील खाजगी मोटारमालकांचे प्रकरण आले होते. सरकारने बसमार्ग स्वतःकडे घेण्याची योजना आखली. हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवाने आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा, असे झाले तर ऐकणे हा पोकळ उपचार होतो, असे त्या निकालाचे सार आहे. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या नावाचा हा निकाल आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ उमगला तो कोर्टात नव्हे, तर एका नाटकाच्या मांडवात.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका गावी एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्हांस बोलावणे आले. परीक्षक तिघे होते. आम्ही, गोमंतकातील उत्सवी नाटकांतून आयुष्यभर कामे केलेले एक वृद्ध नट, आणि एक प्रतिष्ठित गृहस्थ. दोन दिवसांत अकरा एकांकिका पाहावयाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गृहस्थांना निघण्याची घाई झाली. शेवटच्या दोन एकांकिका व्हावयाच्या होत्या, तरी त्यांचेही गुण भरून त्यांनी कागद चालकांच्या हाती दिला आणि ते गेले. चालकांना यात काही वावगे दिसले नाही. वृद्ध नट मात्र खुर्चीतून उठले. ते एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, पळयनासतना सांगप कशें?"

न पाहता सांगावे कसे! सर्वोच्च न्यायालयाला जे पानेच्या पाने लिहून मांडावे लागले, ते या गृहस्थांनी तीन कोंकणी शब्दांत सांगितले. पुढे चहा घेताना ते म्हणाले, "देवळाच्या उत्सवात आमचा तिसरा अंक उभा राहीपर्यंत पहाट व्हायची. मांडवात अर्धी माणसं झोपलेली. तरी कोणी वाक्य गाळत नसे. देव जागा आहे, हे ठाऊक असायचं. या पोरांना तसं कोण आहे? आपण तिघंच ना? त्यातला एक गेला."

तो कागद अकराही एकांकिकांसाठी बाजूस ठेवावा, दोनच नावे वगळली तर बेरीज विषम होईल, आणि निकाल आम्हां दोघांच्या गुणांवर लावावा, असे आम्ही सुचवले. चालक नाराज झाले, पण अखेरीस मानले. शेवटची एकांकिका एका लहानशा खेड्यातील मुलांची होती. तिला कोणतेच पारितोषिक मिळाले नाही. पहिल्या कागदावरील गुणांनीही कदाचित हेच झाले असते. समारंभानंतर त्यांचा दिग्दर्शक, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, आमच्याजवळ आला. निकालाविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. त्याने विचारले, "सर, आमचं पूर्ण बघितलंत ना?" आम्ही हो म्हणालो, तेव्हा तो मोकळेपणाने हसला. दावा हरलेला अशीलही कधीकधी जाताना म्हणतो, "जाऊ द्या, साहेबांनी ऐकून तरी घेतलं." ते समाधान खोटे नसते.

मत न मिळण्यापेक्षा दृष्टीस न पडणे हे दुःख मोठे आहे. 'श्यामची आई' या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान लाभला आणि तो भारतातर्फे ऑस्करला गेला. तेथील मतदारांनी चित्रपट नुसता पाहावा, यासाठीच खेळ लावण्याचा व जाहिरातीचा खर्च एवढा होता की लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. विद्यार्थी पुढे आले, नाटकवाले पुढे आले, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरानेही हातभार लावला. डोळे जाण्यापूर्वी नातवाला जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांची ती कथा. आणि तीच कथा कोणाच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून झोळी फिरली! २०१५ साली अमोल पालेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 'कोर्ट' हा चित्रपट ऑस्करसाठी निवडला. समिती एका जागी बसून चित्रपट पाहते, म्हणून तेथे लहान चित्रपटाला निदान डोळे मिळतात. हजारो मतदार आपापल्या घरी विखुरले की ज्याची जाहिरात मोठी, तोच आधी पाहिला जातो.

ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नावांना पसंतीचे क्रमांक द्यावयाचे असतात. सर्वांत मागे राहिलेला चित्रपट गळतो, त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात आणि कोणाला तरी निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत असे चालते. आम्हां बेळगावकर पदवीधरांना ही रीत परकी नाही. विधान परिषदेच्या वायव्य पदवीधर मतदारसंघात आम्हीही असेच आकडे घालतो. या रीतीत पहिल्या क्रमांकाइतकेच सातव्या-आठव्यालाही मोल येते, आणि न पाहिलेल्या चित्रपटाला आठवा क्रमांक देणे म्हणजे न ऐकलेल्या प्रतिवादीवर हुकूमनामा करणे होय.

टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाला हे कळण्यास फारसे सायास पडू नयेत. ज्या गावाविषयीचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, त्या गावाला ऐकले जाण्याची किंमत कोणी शिकवावी? म्हणून वाचकांस एकच विनंती. उद्या आपल्या देवस्थानच्या भजनस्पर्धेत वा बालनाट्यात परीक्षकाची खुर्ची तुमच्या वाट्यास आली, तर शेवटच्या मुलाचे होईपर्यंत ती सोडू नका. उशीर होईल, जेवण थंड होईल. होऊ द्यावे.