आपलीच गंगा, पण लाँचमधून

ताडकळसहून पालमच्या रस्त्याला लागले की धानोरा काळेपाशी पूल येतो आणि पुलाखाली गंगा. नकाशात तिचे नाव गोदावरी. पण आपल्या गंगथडीला तिला गोदावरी म्हणणारा माणूस शाळामास्तर तरी असतो, नाहीतर पाटबंधाऱ्याचा साहेब. या वाटेने तुम्ही कितीदा गेला असाल. लेकीच्या सासरी, लग्नाला, बाजाराला. पावसाळ्यात पाणी पुलावर चढले म्हणून अडूनही बसला असाल. पण हे पाणी पुढे जाते कुठे, हे बघायला सगळे घर घेऊन निघालेला माणूस विरळाच. काशी होते, तिरुपती होते, पंढरी तर दरसाल होते. आज मात्र आपल्याच नदीच्या वाटेने खाली चला, आंध्रात, राजमहेंद्रीला. तिथे लाँचमध्ये बसून अख्खा दिवस नदीच्या पाठीवर काढायचा आहे.

घरातली म्हातारी माणसे म्हणतील, नदीत काय बघायचे? ती काय आपल्याकडे नाही? आहे, पण आपल्याकडे ती जपून खर्च केलेली नदी आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघाली की पैठणला नाथसागरात अडते. पुढे दिग्रसचा बंधारा, मग नांदेडची विष्णुपुरी, मग धर्माबादजवळची बाभळी. बाभळीचे दरवाजे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलैला उघडायचे आणि ऑक्टोबर संपता संपता लावायचे. उन्हाळ्यात आपल्या पात्रात गुरे चरताना दिसतात, त्यात नवल नाही.

खाली गेल्यावर तिचे रूप पालटते. कंदकुर्तीला मांजरा मिळते. सिरोंचाजवळ प्राणहिता येते आणि ती एकटी येत नाही. वर्धा, वैनगंगा आणि हिंगोली-नांदेडच्या कडेने वाहणारी आपली पैनगंगा, तिघींचे पाणी घेऊन येते. गोदावरीच्या साऱ्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या प्राणहितेचा आहे. पुढे बस्तरची इंद्रावती, मग शबरी. राजमहेंद्रीला पोचेपर्यंत आपली गंगा ओळखू येत नाही. उगमापासून समुद्रापर्यंत तिची लांबी १४६५ किलोमीटर. आपण पाहिलेली असते ती पुलाखालची तेवढीच.

निघायचे कधी? सोयाबीन मोंढ्यात घातले, ज्वारी-हरभरा पेरून झाला, तूर अजून उभी आहे, असे चार-सहा दिवस मोकळे सापडतात तेव्हा. गुरांकडे भावकीतले कोणी बघणारे ठेवा. पावसाळ्यात जाऊच नका. पूर असला की तिथल्या लाँचा बंद ठेवतात आणि तेच योग्य आहे. पूर्णा किंवा नांदेडहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून विजयवाड्यामार्गे राजमहेंद्री. नांदेडहून थेट गाडीही सुटते, पण रोज नसते. स्टेशनावर वार विचारून घ्या. सोबत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. त्या मुलखात भात आणि इडली पोटभर मिळते, पण ज्वारीची भाकरी दृष्टीस पडत नाही, आणि आपल्या माणसाला तिसऱ्या दिवशी भातावर राग येतो.

गाडीने कोव्वूर सोडले की झोपलेल्या मुलांना उठवून खिडकीशी बसवा. आता जो पूल लागतो तो अडीच किलोमीटरांहून लांब आहे. डब्यातली तेलुगू माणसे हात जोडतात, पाण्यात नाणी टाकतात. तुमचाही हात आपोआप कपाळाला जाईल. अशा वेळी भाषेची अडचण कोणाला पडते?

लाँचचा दिवस पहाटेच सुरू होतो. राजमहेंद्रीतून बस भरून घेतात आणि गंडी पोचम्मा नावाच्या देवीच्या देवळापाशी, नदीच्या डाव्या काठाला नेऊन सोडतात. बसभाडे, सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण तिकिटातच धरलेले असते. तरी तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. पूर्वी लाँच खालूनच सुटत. आता मध्ये पोलावरमचे मोठे धरण उभे राहात आहे, म्हणून धरणाच्या वरच्या अंगाला जाऊन बसावे लागते. लाँच दुमजली असते. तळमजल्याला सावली आणि वर मोकळा वारा, शिवाय कर्ण्यावर तेलुगू सिनेमाची गाणी. गाणी थोडी कमी लावली असती तर डोंगरातली पाखरे ऐकू आली असती, पण तो मान आपल्याकडे नाही.

आता नीट लक्ष द्या. लाँचवर पाय ठेवताच नारिंगी रंगाचे जाकीट देतात. हे बुडू न देणारे जाकीट. ते पाठीला लटकवायचे नाही, मांडीवर ठेवायचे नाही. पदर खोचून, वरून घालून, समोरचे सगळे पट्टे आवळायचे. लेकरांना त्यांच्या मापाचे मागून घ्यायचे. मोठ्या माणसाचे जाकीट लहान पोराच्या डोक्यावरून निसटते. आणि हे जाकीट परत काठावर उतरेपर्यंत काढायचे नाही, जेवतानासुद्धा नाही.

एवढे बजावून सांगतो याला कारण आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजी, रविवारी, याच वाटेवर कच्चुलुरू गावाजवळ एक लाँच उलटली. नदीला पूर होता, पाच लाख क्युसेकच्या वर पाणी वाहत होते. सत्तरावर माणसे होती लाँचवर, सहलीला निघालेली कुटुंबे, लेकरेबाळे. वाचली ती २६. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगावर जाकिटे होती असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. उकडते म्हणून ती काढून ठेवणारेही अनेक होते. पहिल्यांदा मदतीला धावले ते काठावरचे गावकरी, आपल्या लहान होड्या घेऊन. लाँच तळातून वर काढायलाच महिन्याहून अधिक लागला. त्यानंतर आंध्र सरकारने नदीकाठी नियंत्रण कक्ष उभारले. प्रवाशांची नावे आणि जाकिटे तपासल्याशिवाय लाँच सोडायची नाही, असा नियम आहे. तुमचे नाव कोणी लिहून घेतले नाही, तर तुम्ही स्वतः विचारा. लाजू नका. आणि फोटोसाठी सगळे एका कडेला धावू नका. बैलगाडीत ओझे एका अंगाला गेले की काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडच्या माणसाला पाण्याची खोड नाही. विहिरीत पोहतो तो वेगळा, पण घरातल्या बायका आणि म्हातारी माणसे नदीला हात जोडून लांबूनच जातात. म्हणून पहिला तासभर सगळे घर एका बाकावर चिकटून बसेल. बसू द्या. लाँच संथ चालते. हळूहळू आजीचा हात कठड्याचा सुटतो, मुले पाण्याकडे बोट दाखवू लागतात. सकाळचे धुके डोंगरावरून उठत असते. पाणी इतके रुंद की पलीकडच्या काठाचा माणूस मुंगीएवढा.

मग डोंगर जवळ येऊ लागतात. यांना पापिकोंडलु म्हणतात. कोंडलु म्हणजे डोंगर, आणि पापिडी म्हणजे केसांतला भांग. बाईने मधोमध भांग पाडावा तशी नदी डोंगर दुभागून निघते, म्हणून हे नाव पडले असे तिकडे सांगतात. मैलभर पसरलेले पाणी या खिंडीत आवळून निघते. रुंदी गेली ती खोलीत जाते. वरून पाणी गप्प दिसते, पण आत भोवरे असतात. दोन्हीकडे साग आणि बांबूचे रान. २००८ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. कर्ण्याची गाणी इथे कोणालाच ऐकू येत नाहीत, सगळे वर माना करून बघत राहतात.

दुपारी लाँच पेरंटालपल्लीला लागते. काठावरून चढून गेले की झाडीत एक जुना आश्रम आणि शंकराचे देऊळ आहे. वाटेवर कोंडा रेड्डी आदिवासी बाया बांबूच्या टोपल्या, फुले, खेळणी घेऊन बसलेल्या असतात. त्यांची घासाघीस करू नका. एखादी टोपली घ्या, घरी भाकरी ठेवायला होईल.

टोपली घेताना त्या बाईच्या मागच्या डोंगराकडेही बघा. पोलावरमचे धरण पुरे भरले की या काठची गावे पाण्याखाली जायची आहेत. सरकारी आकड्यांप्रमाणे हलवायची कुटुंबे लाखाच्या वर आहेत. २०२१ मध्ये नदीचे पाणी धरणाच्या दरवाजांकडे वळवले तेव्हाच देवीपट्टणम भागातली गावे रिकामी झाली. पावसाळ्यात गंडी पोचम्माचे देऊळही पाण्यात जाते. जायकवाडीचे पाणी आपल्या डाव्या कालव्याला येते, त्या पाण्यावर आपण ऊस काढला, गहू काढला. पैठणच्या वर नाथसागरात ज्यांची काळी बुडाली, त्यांच्या घरी मात्र कोणी सहलीला गेले नाही. खालच्या डेल्टाला पाणी हवेच आहे, वीजही हवी आहे. तरी ती टोपलीवाली पुढच्या साली कुठे बसेल, हे विचारावेसे वाटते आणि तेलुगू येत नाही.

परतीच्या वाटेवर ऊन उतरते, पोरे पेंगू लागतात. जाकिटाच्या पट्ट्यांकडे पुन्हा एकदा बघा. संध्याकाळी माणूस ढिला पडतो. बसने राजमहेंद्रीला पोचायला दिवेलागण होऊन जाते. घाटावर थोडे बसा, आरती असेल तर बघा, आणि उरलेले धपाटे तिथेच सोडा. उद्या धवळेश्वरला जायचे आहे. आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात तिथे नदीला बंधारा घातला. रिक्षाने गावाला लागूनच आहे, आणि तिथून आपली गंगा फाटे फुटून समुद्राकडे निघते.