बेलेंचा गेंडा

लिस्बनला निघाले तेव्हा भाईने एवढंच सांगितलं, "तिथं आपलं काय आहे, तेवढं बघून ये." त्याचा मुलगा तिथंच राहतो, पण त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

गोव्यात घरोघरी घडलेलीच गोष्ट ही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आपला जन्म लिस्बनला नोंदवता येतो आणि त्या नोंदीवर मुलांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. माझ्या पुतण्यासाठी भाईने कागदांवर सही केली. आमच्या वडिलांना 1955 मध्ये पाखल्यांनी कोठडीत घातलं होतं. सही करून भाई उठला तो वडिलांच्या फोटोखाली जाऊन बसला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं जवळजवळ बंदच.

2018 च्या मे महिन्यात पुतण्याने मला बेलें दाखवायला नेलं. 15 नंबरची ट्राम तेजु नदीच्या काठाकाठाने जाते. नदी इथं एवढी रुंद, की मला मांडवीचं मुख आठवलं. उतरलो तो समोर चौकात उंच खांबावर आफोंसो द आल्बुकेर्क! 1510 मध्ये गोवा जिंकणारा हाच. "आत्ये, फोटो काढू?" पुतण्याने विचारलं. मी मान हलवली, नको म्हणून.

पुढे जेरोनिमुशचा मठ. 1501 च्या सुमारास काम सुरू झालं, आणि खर्च मुख्यतः पूर्वेकडच्या मालावरच्या करातून झाला. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती कोरलेल्या. डोळे दिपले हे खोटं कशाला सांगू? दारातून आत गेल्यावर वास्को द गामाची समाधी आहे. हा वारला कोचीत, 1524 मध्ये. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या.

मग नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक पाहिलं. जहाजाच्या नाळेसारखा प्रचंड दगडी आकार, त्यावर ओळीने चढणारी माणसं. हे पक्क्या दगडात उभं राहिलं 1960 मध्ये. पुढच्याच वर्षी गोवा हातचा गेला! मला हसू आलं आणि पुतण्यालाही. सगळे दर्यावर्दी जाणारे. इथं आणलेल्यांचं काय?

त्याचं उत्तर बेलेंच्या बुरुजावर मिळालं. एका कोपऱ्यावरच्या टेहळणीच्या सज्जाखाली एक दगडी गेंडा आहे. शिंग गेलेलं, वाऱ्यापावसाने तोंड झिजलेलं. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाकडून हा गेंडा आल्बुकेर्कला भेट आला. त्याने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलकडे धाडला. चार महिन्यांनी, 20 मे रोजी, तो इथं उतरला. हा बुरूज तेव्हा बांधून व्हायचा होता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. मग राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला. 1516 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात जखडलेला गेंडा पोहणार कसा? जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र छापलं, तेही गेंडा न बघता, ऐकीव वर्णनावरून.

पोर्तुगीज त्याला काय म्हणत माहीत आहे? 'गांदा'. आपलाच शब्द! त्यांनी आपल्याला जनेल दिलं, चावी दिली, पगार दिला. आपला हा एक शब्द गेंड्याबरोबर इथं उतरला.

परतताना स्टेशनवर उभे होतो. त्याच मार्गावर पुढे काशियश लागतं. तिथल्या तुरुंगात मोहन रानडे होते. 1955 मध्ये पकडलेले, सुटले जानेवारी 1969 मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. पुतण्याला हे नाव ठाऊक होतं. "पप्पांनीच सांगितलंय. रोज या गाडीने कामाला जाताना काशियश आलं की मी बाहेर बघतो," तो म्हणाला, "पण हे पप्पांना कसं सांगू?"

मी गप्प राहिले. गेंड्याला कुणी विचारलं नव्हतं, रानड्यांनाही नाही. हा मात्र स्वतःच्या पायांनी आला होता, पोटासाठी. या तिघांना एका मापाने कसं मोजायचं?

रात्री भाईला फोन लावला. "काय बघितलंस?"

"गेंडा," म्हटलं आणि सगळी कथा सांगितली. बुडाल्याचं ऐकून तो जरा थांबला. मग मी काशियशचंही सांगून टाकलं, पोर खिडकीतून बाहेर बघतो ते. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. वाटलं, फोन कट झाला.

"आहे का तो तिथं?" भाई म्हणाला. "दे त्याला."

मी फोन पुतण्याच्या हातात दिला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.